राज्यशास्त्राच्या वर्गातील तळमळ

राज्यशास्त्र शिकवणाऱ्याकडे तळमळ असावी की नसावी, असा प्रश्न पडतो. रसायनशास्त्राच्या बाबतीत तो पडत नाही. आपल्या विषयावर जीव टाकणाऱ्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचे कौतुकच होते. राज्यशास्त्राच्या शिक्षकाची तळमळ मात्र संशयाने पाहिली जाते. त्याचा विषय सत्ता आहे, आणि सत्तेविषयी ज्याला आस्था आहे त्याची कुठली तरी बाजूही असणारच, असे लोक धरून चालतात. तळमळ नसलेला शिक्षकही सुटत नाही. तो राज्यघटना भाग, कलम, परिशिष्ट या क्रमाने उतरवून देतो, विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर आठवड्याभरात विसरतात. एकावर प्रचाराचा ठपका येतो, दुसऱ्यावर कोरडेपणाचा. हा पेच अध्यापनपद्धतीचा वाटला तरी मुळात तो ज्ञान आणि आसक्ती यांच्या नात्याचा, म्हणजे तत्त्वज्ञानातला आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार न्यायदर्शनात सापडतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. तत्त्व समजून घेण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प. तिच्यात छल, म्हणजे शब्दांचा खोडसाळ अर्थ काढणेही चालते. स्वतःची काही बाजू न मांडता समोरच्याचे फक्त खोडून काढणे म्हणजे वितंडा. रात्री नऊच्या वृत्तवाहिन्यांवर जे चालते त्याला वादविवाद म्हणण्याची पद्धत आहे. गौतमाच्या वर्गीकरणात त्यातले बहुतेक जल्पात आणि बरेचसे वितंडेत जाईल. पुढच्या नैयायिकांनी वादाला वीतराग कथा म्हटले आणि उरलेल्या दोघांना विजिगीषू कथा. वीतराग म्हणजे ज्याचा राग, अर्थात आसक्ती, गेली आहे असा. या व्यवस्थेत तळमळीच्या शिक्षकाला जागाच दिसत नाही. ज्याला आसक्ती आहे तो वाद करू शकत नाही आणि जो वाद करू शकत नाही तो शिकवू शकत नाही, असा सरळ निष्कर्ष निघतो.

पण न्यायसूत्रे तिथे थांबत नाहीत. वाद कोणाशी करावा, हेही त्यांत सांगितले आहे: शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि कल्याणाची इच्छा असलेले जाणकार यांच्याशी, मात्र ते असूया नसलेले हवेत. आसक्ती सोडण्याचा अर्थ इथे स्पष्ट होतो. विषयाविषयी उदासीन व्हा, असे कोणी सांगत नाही. उदासीन माणूस रात्ररात्र जागून तर्क लढवत बसणार नाही. सोडायची आहे ती स्वतःच्या मताच्या विजयाची आसक्ती. याहून महत्त्वाचे सूत्र पुढे येते. बीजाच्या कोंभाभोवती जसे काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडाही वापराव्यात, अशी मुभा न्यायसूत्रे देतात. म्हणजे सगळ्याच प्रसंगी शांत, समदर्शी चर्चा शक्य असते, असा भाबडा समज नैयायिकांचा नव्हता. कुंपण कुठे घालायचे आणि कुठे नाही, हा विवेक मात्र शिक्षकावर सोडला आहे.

हाच पेच युरोपातही पडला होता. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांपुढे ज्ञानव्यवसायावर व्याख्यान दिले. पहिले महायुद्ध चालू होते आणि जर्मन विद्यापीठांत राष्ट्रभक्तीची भाषणे करणाऱ्या प्राध्यापकांची कमी नव्हती. वेबरने दोन गोष्टी एकाच व्याख्यानात सांगितल्या आणि वाचक सहसा त्यांतली एकच लक्षात ठेवतात. पहिली, वर्गातल्या व्यासपीठावर पुढाऱ्याला आणि प्रेषिताला जागा नाही, कारण समोर बसलेल्यांना उलट बोलता येत नाही. दुसरी, माणूस ज्यात स्वतःला झोकून देऊ शकत नाही ते काम त्याच्या दृष्टीने करण्याच्या लायकीचे नाही. या दोहोंना जोडणारा दुवा त्याने दिला आहे. शिक्षकाचे पहिले काम विद्यार्थ्याला गैरसोयीची तथ्ये मान्य करायला शिकवणे हे आहे, म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या राजकीय मताला अडचणीत आणणारी तथ्ये. वेबरचे हे सूत्र आणि नैयायिकांचा पूर्वपक्ष यांत फार अंतर नाही. आपल्याकडचे भाष्यकार विरोधी मत आधी मांडत, आणि चांगला भाष्यकार ते इतके भक्कम मांडी की वाचकाला काही काळ तेच खरे वाटावे. तळमळ कशात ओतायची याचे उत्तर इथे मिळते: ज्या मताशी शिक्षक सहमत नाही ते मत सर्वांत समर्थपणे उभे करण्यात. आपल्या आवडीचे मत जोरकसपणे मांडायला तळमळ लागत नाही, तो जोर आपोआप येतो.

महाराष्ट्रात राजकारण आणि अध्यापन यांची सरमिसळ जुनी आहे. टिळक आणि आगरकर दोघेही न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनचे शिक्षक; टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, आगरकर १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत फर्ग्युसनचे प्राचार्य राहिले आणि ‘सुधारक’ही चालवत राहिले. डॉ. आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते आणि पुढे शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राजकारणात उतरू पाहणाऱ्यांसाठी १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत प्रशिक्षण विद्यालयच काढले.

या परंपरेतले सर्वांत बोलके उदाहरण उषा मेहतांचे आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरमध्ये पकडल्या गेल्या आणि १९४६ पर्यंत तुरुंगात राहिल्या. सुटल्यावर त्यांनी गांधीविचारावर डॉक्टरेट मिळवली आणि मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागात अनेक वर्षे शिकवले. १९८० मध्ये निवृत्त होताना त्या विभागप्रमुख होत्या. ज्या बाईने एका राज्यसत्तेविरुद्ध प्रक्षेपक चालवला, तिने राज्यसत्तेच्या सिद्धान्तांवर तास घ्यावेत, यात विसंगती शोधणारा माणूस तटस्थतेचा अर्थ चुकीचा घेतो. तटस्थता म्हणजे शिक्षकाला पूर्वायुष्य नसणे नव्हे. पुण्यात राम बापटांनी दुसरी वाट दाखवली. विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात ते राजकीय सिद्धान्त शिकवत, पण त्यांच्या शिकवण्याचा मोठा भाग चळवळींच्या शिबिरांत, कार्यकर्त्यांपुढे, तासन्‌तास बोलण्यात गेला. लिहिले त्यांनी त्या मानाने कमी. विद्यापीठीय मोजमापात, जिथे शोधनिबंधांच्या संख्येवर बढती ठरते, अशा शिक्षकाची किंमत कशी करावी, याचे समाधानकारक उत्तर अजून निघालेले नाही.

मुंबई आणि पुणे विद्यापीठांचे विभाग ही झाली विषयाची प्रतिष्ठित ठिकाणे. पण बहुसंख्य विद्यार्थी राज्यशास्त्र शिकतात ते संलग्न महाविद्यालयांत. मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत उल्हासनगरच्या चांदीबाई किंवा तलरेजा महाविद्यालयासारख्या ठिकाणी. वर्गात अंबरनाथ, बदलापूर, विठ्ठलवाडी, शहाड इथली मुले असतात. सकाळचा तास संपवून कोणी जीन्सच्या कारखान्यात जातो, कोणी दुकानावर. तास मराठीत सुरू होतो, हिंदीत सरकतो, मधूनच सिंधी ऐकू येते आणि टिपणे इंग्रजीत असतात. या वर्गात राज्यशास्त्र अमूर्त राहूच शकत नाही. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक मोठ्या संकल्पनेचा पुरावा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत चालत जाऊन पाहता येतो, आणि म्हणूनच तळमळीचा प्रश्न इथे अधिक अडचणीचा होतो.

नागरिकत्वापासून सुरुवात करता येईल. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले; कॅम्प एक ते पाच ही छावणीची भाषा पत्त्यांत आजही टिकून आहे. राज्यघटनेचे सहावे कलम जणू याच वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या आजोबा-पणजोबांसाठी लिहिलेले आहे. पाकिस्तानात गेलेल्या प्रदेशातून जो १९ जुलै १९४८ पूर्वी आला आणि इथे राहिला, तो नोंदणीशिवाय नागरिक. त्या तारखेनंतर आलेल्याला सहा महिने राहून अर्ज करावा लागे. या कलमात धर्माचा उल्लेख नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात आहे: तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत. सिंधमधून पुढच्या दशकांत आलेली आणि वर्षानुवर्षे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिलेली हिंदू कुटुंबे उल्हासनगरात आहेत. त्यांच्यासाठी हा कायदा पासपोर्टचा प्रश्न आहे. शेजारच्या बाकावरच्या मुस्लिम विद्यार्थ्यासाठी तोच कायदा चौदाव्या कलमाचा, म्हणजे समानतेचा प्रश्न आहे. शिक्षकाने इथे दोन्ही बाजू सारख्या वेळात मांडल्या तर घड्याळ सांभाळले जाईल, वाद होणार नाही. वाद तेव्हा होईल जेव्हा कायद्याच्या समर्थक विद्यार्थ्याला विचारले जाईल की सहाव्या कलमाने धर्माशिवाय हेच काम कसे केले, आणि विरोधकाला विचारले जाईल की वीस वर्षे व्हिसा नूतनीकरणाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाला तो नेमके काय देऊ करतो. दोघांनाही गैरसोयीचे तथ्य मिळते.

कायद्याचे राज्य ही संकल्पना उल्हासनगरात अनधिकृत इमारतींच्या रूपाने भेटते. न्यायालयाने पाडकामाचे आदेश दिले, हजारो कुटुंबे रस्त्यावर येण्याची वेळ आली आणि २००६ मध्ये राज्याने फक्त या शहरासाठी नियमितीकरणाचा खास कायदा केला. कायदा मोडणाऱ्याला मागाहून कायद्यात बसवणे म्हणजे कायद्याच्या राज्याचा पराभव, की निर्वासितांना अपुऱ्या जागेत कोंबणाऱ्या राज्याने उशिरा फेडलेले देणे? प्रश्नपत्रिकेत ब्रिटिश घटनातज्ज्ञ डायसीने सांगितलेली कायद्याच्या राज्याची तीन तत्त्वे विचारली जातात. पण डायसीला पाचव्या कॅम्पमध्ये उभे केले तर काय होईल, हे विचारणारा शिक्षक विषय खराखुरा शिकवतो. याच शहराने तुरुंगातून निवडून आलेला आमदारही पाहिला आहे, त्यामुळे लोकेच्छा आणि कायदा यांचे भांडण इथल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख शिलाहार राजा मम्वाणीचा उल्लेख महामंडलेश्वर असा करतो. ही सामंताची पदवी आहे. एकच, अविभाज्य, सर्वोच्च सार्वभौमत्व ही युरोपात सोळाव्या शतकात बोदँने मांडलेली कल्पना; अकराव्या शतकातले कोकण एकात एक बसलेल्या सत्तांवर चालत होते. दगडावरचा हा धडा बिनधोक आहे, त्यावर आज कोणी चिडत नाही. आयुध निर्माणीचा धडा तसा नाही. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून सात कंपन्या झाल्या आणि अंबरनाथची निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली. कामगार संघटनांनी संपाची हाक देताच आधी अध्यादेश आणि मग आवश्यक संरक्षण सेवा कायदा आला, ज्याने अशा आस्थापनांतील संपांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला दिला. संघटना स्थापण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमात आहे. संपाचा हक्क मूलभूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. संप करता येत नसेल तर संघटनेच्या हक्कात उरते काय, हा प्रश्न निर्माणीतल्या कामगाराच्या मुलीने विचारला, तर पाठ्यपुस्तकाकडे त्याचे फारसे उत्तर नसते.

बदलापूर आणि अंबरनाथच्या नगरपरिषदांची गोष्ट तर शैक्षणिक विनोदच म्हणावी लागेल. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी झालीच पाहिजे असे २४३-यू कलमात लिहिले. या दोन गावांत २०१५ च्या एप्रिलमध्ये निवडणूक झाली. मुदत २०२० मध्ये संपली. करोना, ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे घोळ यांत पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला आणि पुढची निवडणूक २०२५ च्या डिसेंबरमध्ये आली. या काळात पदवीचा पूर्ण अभ्यासक्रम करून गेलेल्या विद्यार्थ्यांनी ‘स्थानिक स्वराज्य ही लोकशाहीची पाठशाळा’ हे उत्तर लिहून गुण मिळवले आणि त्या वर्षांत स्वतःच्या गावात पदावर असलेला एकही नगरसेवक पाहिला नाही. इथे तळमळ नसलेला शिक्षक नकळत खोटे शिकवत असतो. कलम सांगायचे आणि त्याचे गावातले उल्लंघन सांगायचे नाही, ही तटस्थता नव्हे.

सर्वांत अवघड तास ऑगस्ट २०२४ नंतरचे. बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवण्यात झालेल्या दिरंगाईची दखल उच्च न्यायालयाने घेतली. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेल्वे बंद राहिली. आरोपीला तिथेच फाशी द्या, अशा घोषणा होत्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मारला गेला. गावात काही ठिकाणी पेढे वाटले गेले, आणि नंतर दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली.

जीविताच्या हक्काचे एकविसावे कलम शिकवायला याहून वाईट वेळ नसेल आणि याहून आवश्यक वेळही नसेल. रुळांवर उतरलेल्यांत वर्गातलेच कोणी असणार. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण इथे समोर ठेवता येते. सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह, असहकार आणि कायदेभंग ही साधने सोडली पाहिजेत, कारण ते अराजकाचे व्याकरण आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पण महाडचे तळे आणि काळाराम मंदिर यांचा लढा लढलेला माणूस हे बोलत होता, आणि सनदशीर मार्ग नसतील तेव्हा या साधनांचे समर्थन होऊ शकते, हे त्याने त्याच भाषणात मान्य केले होते. मग तक्रारच लिहून घेतली जात नसेल तर मार्ग खुला आहे असे म्हणायचे का? रेल रोकोच्या समर्थकाचा हा पूर्वपक्ष भक्कम आहे आणि शिक्षकाने तो पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे. त्यानंतर दुसरा प्रश्न येतो. पोलिसांनी तक्रार वेळेत घेतली नाही म्हणून ज्यांच्यावर विश्वास उरला नाही, त्याच पोलिसांच्या गोळीवर महिनाभरात इतका विश्वास कसा बसला? हा प्रश्न विचारताना शिक्षकाचा आवाज चढला तर त्याला प्रचार म्हणता येणार नाही. तो चढला नाही तर काही तरी बिघडले आहे.

त्याच भाषणात आंबेडकरांनी सांगितले होते की धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. तळमळ आणि भक्ती यांतली सीमा शिक्षकासाठी हीच आहे. भक्ताला आपल्या दैवताची चूक दाखवणारे तथ्य नकोसे होते. तळमळीच्या शिक्षकाला ते हवेसे वाटले पाहिजे. ही कसोटी आंबेडकर, गांधी, सावरकर, मार्क्स यांच्यावरच्या तासांनाही लागू पडते, आणि महाराष्ट्रातल्या वर्गात तिथेच ती सर्वाधिक वेळा मोडते.

काही विषयांत मात्र पूर्वपक्षाची मर्यादा येते. अस्पृश्यता असावी की नसावी, यावर वर्गात दोन्ही बाजूंनी सारख्या उत्साहाने चर्चा घडवणारा शिक्षक निःपक्षपाती म्हणता येणार नाही, कारण सतरावे कलम त्या विद्यार्थ्याच्या तिथे बसण्याच्या हक्काची पूर्वअट आहे. न्यायसूत्रांतले काटेरी कुंपण इथे लागते. धोका असा की कुंपण घालण्याची सवय जडते आणि हळूहळू प्रत्येक आवडते मत कोंभ वाटू लागते. म्हणून कुंपण थोडक्या ठिकाणी, आणि घटनेच्या मूलभूत हमीपुरते.

वेबरची हरकत, की विद्यार्थ्याला उलट बोलता येत नाही, अर्धीच खरी राहिली आहे. आज विद्यार्थी बोलतो, कधी मोबाइलवर तास ध्वनिमुद्रितही करतो. पण अंतर्गत गुण शिक्षकाच्या हाती असतात, आणि शिक्षकाला काय ऐकायला आवडते हे मुले दुसऱ्या आठवड्यात ओळखतात. तळमळ वादाची आहे की विजयाची, हे कळण्याची खरी जागा म्हणजे उत्तरपत्रिका. शिक्षकाच्या उघड मताविरुद्ध नीट युक्तिवाद करणाऱ्या उत्तराला आणि त्याचीच वाक्ये परत करणाऱ्या उत्तराला किती गुण पडतात, यावरून असूया आहे की नाही ते समजते.

या साऱ्या विवेचनात शिक्षक निर्भय आहे असे धरले आहे. गौतमाच्या गुरूला दरवर्षी नेमणूक नव्याने मागावी लागत नव्हती. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मोठ्या संख्येने प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत: नेट किंवा सेट उत्तीर्ण, अनेकदा पीएच.डी., एकाच दिवशी उल्हासनगर आणि बदलापूर अशा दोन ठिकाणी तास घेणारे. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते आणि पुढच्या जूनमध्ये ती मिळेल की नाही हे संस्थेवर अवलंबून असते. वादग्रस्त विषयावर तास घेतल्याची एक तक्रार त्यांना महाग पडू शकते, म्हणून नागरिकत्वाचा किंवा चकमकीचा प्रश्न टाळून गाईडमधली व्याख्या सांगणे त्यांच्यासाठी व्यवहाराचे असते. अशा शिक्षकाच्या कोरडेपणाला नैतिक दोष म्हणणे अन्यायाचे आहे. तो दोष नेमणुकीच्या पद्धतीत आहे. मानधन घेतलेल्या तासांचे मिळते. पूर्वपक्ष भक्कम करण्यासाठी वाचनात गेलेले तास देयकात धरले जात नाहीत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचे काहीच मिळत नाही.